ऐकणाऱ्याचा वाटा

श्रावणातल्या रविवारी आदित्य राणूबाईची कहाणी सांगतात. तिच्यातला गुन्हा अगदी किरकोळ आहे. गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप भेटायला जातो आणि राणी झालेल्या मुलीला म्हणतो, माझी कहाणी ऐक. राजाला शिकारीला जायचं असतं, जेवणाची घाई असते. ती म्हणते, आत्ता वेळ नाही. प्रधानाच्या घरची मुलगी मात्र हातातलं काम ठेवून ऐकते. पुढे राणीच्या घरी दारिद्र्य येतं. तिनं चोरी केलेली नाही, कुणाला छळलेलं नाही. फक्त ऐकलं नाही.

याच कहाणीत एक विलक्षण तपशील आहे. सांगणाऱ्याकडे सहा मोती असतात. त्यातले तीन तो स्वतः घेतो आणि तीन ऐकणाऱ्याच्या हातात ठेवतो, मग कहाणी सुरू होते. पुढे हाच वसा घेतलेलं माणूस घरोघर, वाटेवर श्रोता शोधत फिरतं. भेटतात ते कोण, तर लाकडं न खपलेला मोळीविक्या, मळा न पिकणारा माळी, लेक गमावलेली म्हातारी. प्रत्येकाला तीन मोती. विद्वानाला दक्षिणा आणि श्रोत्याला फार तर प्रसाद, अशी आपल्याकडची नेहमीची वाटणी. इथे वाटणी बरोबरीची आहे. कहाणी रचणाऱ्या अनाम बायकांनी एक मोठी गोष्ट सहज सांगून ठेवली आहे: गोष्टीतला अर्थ सांगणाऱ्याच्या खिशात आधीपासून नसतो. तो दोघांमध्ये तयार होतो, आणि त्यातला निम्मा ऐकणाऱ्याचा असतो.

रोजच्या जगण्यात अर्थ शोधावा, साध्या गोष्टींत आनंद मानावा, असा उपदेश आपण सतत ऐकतो. त्यात एक गृहीत दडलेलं असतं की अर्थ घटनेत पडलेलाच आहे, आपण डोळे उघडायचा अवकाश. पण बहुतेक घटना तशा मुक्या असतात. दूध उतू गेलं, बस चुकली, शेजारणीनं वाटीभर आमटी पाठवली. हे घडतं आणि विरून जातं. त्यातलं एखादं उरतं, कारण ते कुणाला तरी सांगितलं जातं आणि कुणीतरी विचारतं, ‘मग?’

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते दुःखाच्या घरी. माणूस गेल्यावर दहा-बारा दिवस लोक भेटायला येतात. आलेल्या प्रत्येकाला काय झालं ते बहुधा फोनवर कळलेलं असतं. तरी तो बसतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि विचारतो, ‘काय झालं हो एकदम?’ मग घरातली बाई पुन्हा पहिल्यापासून सांगते. पहिल्या दिवशी तिच्या बोलण्यात नुसते तुकडे असतात: डॉक्टर, रिक्षा, सलाईन, कुणाला फोन लागला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच तुकड्यांना क्रम येतो. दहाव्यापर्यंत एक वाक्य पुढे सरकून मध्यभागी येऊन बसतं. ‘जायच्या आधी चहा मागितला हो. साखर कमी झाली म्हणाले.’ आणि सांगता सांगता ती किंचित हसते. मृत्यूचं कारण तेच, अहवाल तेच. तरी साखर कमी पडलेल्या त्या कपापाशी तिला पाय टेकायला जागा मिळालेली असते. ही जागा तिनं एकटीनं तयार केलेली नाही. तीच हकीकत ऐकायला न कंटाळलेल्या माणसांनी ती तिला करून दिली. तत्त्वज्ञान सांगणारा पाहुणा अशा वेळी नकोसा होतो, ‘मग?’ म्हणणारा हवा असतो.

मराठी गद्याचा आरंभही अशाच एका श्रोत्यापाशी जातो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ऋद्धिपुरात त्यांच्या आठवणी मनाशी घोळवत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिलं, विचारलं आणि ऐकून घेतलं, असं महानुभाव परंपरा सांगते. मग हा पंडित गावोगाव फिरला, ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांच्याकडून त्यांच्या लीळा गोळा केल्या. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या लीळाचरित्रात तत्त्वचर्चा आहेच, पण पानोपानी दिसतं ते जेवण, मुक्काम, वाटेत भेटलेलं कुणी, एखाद्या बाईनं विचारलेला भाबडा प्रश्न. देवत्व सिद्ध करायला म्हाइंभटांना फक्त चमत्कार निवडता आले असते. त्यांनी सांगणाऱ्यांच्या तोंडचं बारीकसारीक जपलं. नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला तोही म्हाताऱ्या बायका वंचित राहू नयेत म्हणून. म्हणजे श्रोता कोण, हे आधी ठरलं, आणि मग भाषा ठरली. श्रद्धेला हा मार्ग सुचला याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे एक शंका रास्त आहे. श्रावणातल्या कहाण्यांत धाकही भरपूर आहे. वसा टाकला की घर बुडतं, नवरा रुसतो, मूल दगावतं. शिवाय राबायचं, उपास धरायचा आणि घराचं भलं मागायचं हे काम बहुतेक बायकांचंच. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिताना अशा कथांना थेट प्रश्न विचारले. नवऱ्यासाठी यमापर्यंत जाणारी सावित्री सर्वांना ठाऊक आहे. बायकोसाठी तिकडे गेलेला नवरा कुठे आहे? या प्रश्नानं काही जणांची श्रद्धा दुखावली असेल. पण ताराबाईंनी जे केलं ते ऐकणंच होतं, फक्त मान न डोलावता. तीन मोती घेणाऱ्याला एवढा हक्क असायलाच हवा. ज्या गोष्टीला श्रोत्याचा प्रश्न सोसत नाही ती हुकूम होते, आणि हुकमातून आज्ञाधारकपणा मिळतो, श्रद्धा मिळत नाही.

कहाण्यांच्या पोटातही असे प्रश्न आहेत. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजा फर्मान काढतो की सगळ्या गावानं दूध आणून महादेवाचा गाभारा भरायचा. घागरी रिकाम्या होतात, गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातल्या लेकराबाळांना, सुनांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध आणते, आणि गाभारा भरतो. राजा कारण विचारतो तेव्हा ती सांगते की तुझ्या हुकमापायी मुलंवासरं उपाशी राहिली, देवाला ते आवडलं नाही. राजाच्या भक्तीतली चूक त्याच्या तोंडावर सांगणारी बाई कहाणीनं नायिका केली. घरातली भूक भागवणं हाच पूजेचा पहिला भाग, हे तिनं कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. रोजच्या स्वयंपाकघरातून ती हे शिकली आहे.

आनंदाचंही असंच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मूळ निमित्त वेगळंच होतं: मुलाला वडिलांचं, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं चरित्र लिहायचं होतं आणि त्यासाठी त्यानं आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा तापट लहरीपणा, १८९५ मधलं त्यांचं धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट, यातलं काहीही घडताना हसण्यासारखं नव्हतं. पण विचारणारा भेटला आणि त्या सांगू लागल्या तेव्हा त्याच दिवसांतून खळखळून हसू बाहेर आलं. हे दुःख विसरण्याचं हसू नाही. दुःखाचा काटा जागेवर आहे, फक्त त्याच्याभोवती माणसं, स्वभाव, गंमत हे सगळं परत आलं आहे. घडताना माणूस घटनेच्या आत कोंडलेला असतो. सांगताना तो अंगणात येऊन बसतो.

ज्यांना असा विचारणारा मिळाला नाही त्यांनी जात्याला सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या १ लाखाहून अधिक आहेत. माहेर, सासुरवास, विठोबा, तुळस, पाऊस, भाऊ: सगळं एकाच दळणात. पहाटे दगडाशी बोललेलं ते सांगणं ऐकायला माणसं पुढे पोचली, म्हणून आज आपल्यापर्यंत आलं.

म्हणून रोजच्या जगण्यात अर्थ सापडत नाही अशी तक्रार मनात येते तेव्हा स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न, माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, हा नसावा. आज मी कुणाचं पूर्ण ऐकलं, हा असावा. तीच गोष्ट आठव्यांदा सांगणाऱ्या आजोबांना ‘हे सांगितलंय तुम्ही’ म्हणून थांबवणं सोपं आहे. पण आठव्या वेळी ते काय पुढे आणतात आणि काय गाळतात, तिकडे लक्ष दिलं तर एका माणसाचा आयुष्याशी चाललेला हिशेब ऐकू येतो. आपली बारीकशी हकीकत कुणालातरी ऐकावीशी वाटते, एवढ्या विश्वासावर माणूस पुष्कळ काही पेलतो. देवावरची श्रद्धाही, मला वाटतं, बहुतेकांना याच वाटेनं भेटलेली असते: कुणीतरी ऐकतं आहे, या खात्रीतून. ती खात्री एकमेकांना देणं मात्र देवावर सोपवायचं काम नाही. ते घरच्या माणसांनीच करायचं.