गायनविद्या आणि वीणेकऱ्याची हरकत

भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत वसलेल्या धावड्यासारख्या गावात संगीताला स्वतंत्र घर नाही. ते देवळात राहते. पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ आणि वर्षाकाठी येणारा अखंड हरिनाम सप्ताह यांच्या योगानेच येथल्या माणसाच्या कानावर स्वरांचे संस्कार होतात, आणि सप्ताहाच्या पत्रिकेवर ज्यांची नावे गायनाचार्य वा मृदंगाचार्य म्हणून छापली जातात त्यांच्यापाशी बहुधा कोणत्याही विद्यापीठाची सनद नसते. गावाने दिलेला मान हाच त्यांचा दाखला. अशा गावातील बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय व गौण विषय अशी जी नवी मांडणी पदवीच्या अभ्यासक्रमात आणली तिचा लाभ घेऊन, छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या महाविद्यालयात संगीत हाच मुख्य विषय घेण्याचा मनोदय प्रकट केला, तर त्याच्यापुढे दोन हरकती हमखास उभ्या राहतात.

पहिली हरकत बापाची. कापसाच्या आणि मक्याच्या उत्पन्नावर ज्याचा संसार चालतो त्याने ‘गाणं शिकून पोटाला काय मिळणार, गुरुजी?’ असे विचारावे यात क्षुद्रता मुळीच नाही, आणि त्याला उच्च ध्येयांचे पाठ देणारा मनुष्य मला निर्दय वाटतो. परंतु तो प्रश्न अर्थव्यवहाराचा आहे. दुसरी हरकत सप्ताहात वीणेचा पहारा करणाऱ्या वृद्ध वीणेकऱ्याची असते, आणि माझ्या मते तीच अधिक मूलगामी आहे. ज्या गाण्याने देवाला आळवायचे त्याचे गुण लावायचे, त्यात कोणाला उत्तीर्ण आणि कोणाला अनुत्तीर्ण करायचे, भजनाचा विषय करून त्याची वही घालायची, हे उपासनेचे अवमूल्यन नव्हे काय? या शंकेला भाबडेपणा म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी ती फार प्राचीन आहे हे ध्यानात घ्यावे.

किंबहुना धर्माला गाण्याचे भय पूर्वापार वाटत आले आहे. धावड्याहून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची कथा रंगविली आहे: राजाचे मन वैराग्याकडे वळू लागले असता राणी त्याच्यासमोर नृत्यगायनाचा थाट मांडते, बासरी आणि मृदंग वाजू लागतात, आणि राजा मात्र राज्य टाकून निघून जातो. जे भिक्षू या चित्राच्या सान्निध्यात राहिले त्यांच्या दशशीलांत नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा होती. संगीत हे मनुष्याला संसारात खिळवून ठेवणारे सर्वांत बलवान बंधन आहे, असा या कथेचा आशय. तथापि चित्रकाराने त्या नर्तकीची आणि तिच्या साथीदारांची देहलय अशा विलक्षण आस्थेने टिपली आहे की, ज्याचा त्याग सांगायचा त्याचे सामर्थ्य त्याला पूर्णपणे कळले होते याविषयी संशय राहू नये. वीणेकऱ्याची भीती आणि भिक्षूची भीती एक नव्हे. भिक्षू गाण्याला भितो, वीणेकरी गाण्याच्या शिक्षणाला भितो. पण पवित्र वस्तू अयोग्य स्थळी गेली असता बिघडते ही श्रद्धा दोघांच्याही मुळाशी आहे.

छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायातील प्रसंग मला या वादात निर्णायक वाटतो. नारद सनत्कुमारांकडे येतो आणि आपण काय काय शिकलो याची जंत्रीच देतो: चार वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि देवजनविद्या. या अखेरच्या विद्येचा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यात नृत्य, गीत, वाद्य, शिल्प इत्यादींचे ज्ञान असा लावला आहे. म्हणजे एखाद्या सर्वांगीण महाविद्यालयाचा संपूर्ण अभ्यासक्रम, संगीतासह, नारदाने पुरा केला होता. आणि इतके करूनही आपण मंत्रांचे शब्द तेवढे जाणतो, आत्म्याला जाणत नाही, आणि म्हणून शोकातून पार झालो नाही, अशी त्याची व्यथा होती. वीणेकऱ्याला याहून बळकट पुरावा कोणता हवा? परंतु पुढचा मजकूर वाचावा. हे सारे केवळ नाम आहे असे सांगूनही सनत्कुमार नारदाला ते टाकून देण्यास सांगत नाहीत; त्या नामाचीच ब्रह्म म्हणून उपासना कर असे सांगतात, आणि नामाहून मोठे काही आहे काय असे नारदाने विचारल्यावर वाणी, मन, संकल्प अशा पायऱ्यांनी त्याला भूमा म्हणजे अमर्याद अशा तत्त्वापर्यंत नेतात. बहुतेक पायऱ्यांवर प्रश्न विचारतो तो शिष्य. जो काहीच शिकला नाही त्याला ‘याहून मोठे काय’ हे विचारण्याचे स्थानही सापडत नाही.

याच मुलखाने या प्रश्नाला एक उत्तर दिलेले आहे, आणि ते आमच्या विस्मरणात गेले याचे मला मनापासून दुःख होते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा श्रीकरणाधिपती होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेत रुजू झाला, आणि मुलगा राज्याच्या जमाखर्चाचे दफ्तर सांभाळता सांभाळता वैद्यक जाणणारा, वेदान्तावर ग्रंथ लिहिणारा आणि ‘संगीतरत्नाकर’ रचणारा पंडित झाला. सात अध्यायांचा हा ग्रंथ पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांनी प्रमाण मानला. त्यात स्वरांच्या विवेचनापूर्वी शार्ङ्गदेव गर्भाची उत्पत्ती आणि त्याची मासागणिक होणारी वाढ वर्णन करतो, कारण नाद देहातून उठतो आणि देह न जाणता नाद कसा जाणणार, ही त्याची भूमिका. वैद्यक आणि गायन यांना दोन वेगळ्या इमारतींत बसविणाऱ्या आमच्या व्यवस्थेला हे प्रकरण विषयांतर वाटते.

त्याहूनही मननीय आहे ते वाग्गेयकाराचे म्हणजे शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्याचे लक्षण. व्याकरणाचे ज्ञान, कोशांत प्रावीण्य, छंद व अलंकार यांचा परिचय, रसभावांची जाण, देशरीतीची माहिती, अनेक भाषांचे ज्ञान, गीत-वाद्य-नृत्यांत नैपुण्य, मधुर कंठ. आणि याच यादीत, त्याच पंक्तीत, रोष व द्वेष यांचा त्याग, अंतःकरणाची आर्द्रता, औचित्याचे भान, दुसऱ्याचे उष्टे न उचलण्याचा आग्रह. विद्येची आणि शीलाची अट एकाच दमात सांगितली आहे. शिवाय शब्द रमणीय पण स्वररचना दुबळी अशा रचनाकाराला तो कनिष्ठ ठरवितो. शब्द जाणून आत्मा न जाणणाऱ्या नारदाचे दुखणे संगीताच्या क्षेत्रात कोणते रूप घेते, हे या हिशेबनीस पंडिताने नेमके ओळखले होते.

पश्चिमेकडेही मध्ययुगीन विद्यापीठांनी संगीताला सात विद्यांत स्थान दिले, ते गणित, भूमिती आणि ज्योतिष यांच्या शेजारी. पण तेथे सहाव्या शतकातील बोएथियसच्या मताचा पगडा होता, आणि त्याच्या लेखी खरा संगीतज्ञ तो, जो बुद्धीने स्वरप्रमाणांचा निर्णय करतो. वाजविणारा हात त्याला दास वाटे. शार्ङ्गदेवाने हे कधीही मान्य केले नसते.

अनाहत म्हणजे आघाताविना असणारा नाद मुनींनी गुरूपदिष्ट मार्गाने उपासावा, तो मुक्ती देतो पण रंजन करीत नाही. म्हणून लोकांसाठी आहत म्हणजे आघाताने उठणारा नाद, जो रंजनही करतो आणि भवबंधनही तोडतो, असे शार्ङ्गदेवाचे प्रतिपादन आहे. माझ्या मते वीणेकऱ्याच्या हरकतीला याहून समर्पक उत्तर नाही. परीक्षक तपासतो तो आहत नाद: श्रुती सुटली की लागली, सम चुकली की साधली. जे कोणाच्याही लेखणीच्या टप्प्यात नाही त्याला गुणपत्रिकेने बाधा कशी पोचावी? मात्र गुणपत्रिकेवर आले तेवढेच संगीत असे शिक्षक मानू लागला, तर वीणेकऱ्याचा पक्ष खरा ठरतो, आणि तसे अनेक ठिकाणी घडले आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गायनाला दरबारातून आणि कुप्रतिष्ठेतून सोडवून भक्तीच्या व शिस्तीच्या आश्रयाला आणणे हा त्यांचा संकल्प होता. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिस्त पेट्यांतून बंदिशी मिळवून त्यांचे शास्त्र मराठीत मांडले, आणि १९२६ मध्ये लखनौला महाविद्यालय उभे केले. या दोघांचे ऋण न फिटणारे आहे. मराठवाड्यात नाथराव नेरळकरांसारख्या गायकाने सरस्वती भुवन महाविद्यालयात शिकविले, ही त्याच प्रवाहाची शाखा. तरीही आज ‘शास्त्र’ म्हणून रागांच्या वर्ज्य-वादी-संवादींची टिपणे उतरवून घ्यायची आणि ‘क्रियात्मक’ म्हणून नेमलेल्या बंदिशी पाठ म्हणायच्या, अशी जी फाळणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे, ती या संस्थापकांच्या ध्येयाशी विसंगत आहे. उलट जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत विद्यार्थी ज्ञानेश्वरी आणि गीता शिकतो आणि त्याच आवारात अभंगाच्या चालीही घोटतो. तेथे अर्थ आणि स्वर यांची फारकत झालेली नाही. आमच्या विद्यापीठांनी संकोच न बाळगता हे घ्यावे.

राहिला प्रश्न जिज्ञासेने श्रद्धा क्षीण होते काय याचा. धावड्याच्या परिसरातील जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थ ज्या चक्रधरस्वामींच्या नावाने ओळखले जाते, त्यांची शिष्या महदाइसा हिने ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले, आणि ते गाण्यासाठीच रचले. मराठीची ही आद्य कवयित्री ‘लीळाचरित्रा’त वारंवार भेटते ती प्रश्न विचारताना, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा विचारताना. गाणारा कंठ आणि शंका काढणारी बुद्धी एकाच स्त्रीच्या ठायी नांदत होती, आणि तिच्या गुरूला त्यात काही वावगे दिसले नाही.

म्हणून त्या मुलाने अर्ज जरूर करावा. मात्र संगीत मुख्य विषय घेताना गौण विषय म्हणून संस्कृत वा मराठी घ्यावी, सोपा म्हणून गुण देणारा एखादा विषय घेऊ नये. त्याच्या महाविद्यालयानेही पहिल्याच वर्षी ‘संगीतरत्नाकरा’चे वाग्गेयकारलक्षण मुळातून लावून द्यावे, आणि भोकरदन तालुक्यातील भजनी मंडळांत ज्या चाली केवळ कंठात आहेत त्यांचे लेखन हे त्याला प्रबंधकार्य म्हणून नेमून द्यावे. त्या चालींपैकी पुष्कळ फक्त त्या वृद्ध वीणेकऱ्यालाच येतात. तेव्हा मुलाला त्याच्यापाशी शिष्य म्हणून बसावे लागेल, आणि शुद्धाशुद्धाचा निर्णय वीणेकऱ्याने द्यावा लागेल.