चोरी झाली, दोष कुणाचा?

११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डे २८ देशांतल्या एटीएममध्ये सरकवली गेली आणि यंत्रांनी मुकाट्याने नोटा मोजून दिल्या. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या निरोप व्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा. तिजोरी कुणी फोडली नव्हती. या कार्डावर पैसे द्यायचे का, असे एटीएम बँकेला विचारते. त्या विचारण्याच्या वाटेवर चोरांनी आपलाच खोटा उत्तर देणारा बसवला होता. प्रश्न बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोचतच नव्हता, ‘द्या’ हे उत्तर चोरच देत होते. खातेदारांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत, नुकसान बँकेने सोसले. पण सहकारी बँकेचे नुकसान म्हणजे शेवटी सभासदांचेच. बँकेने किती काळजी घेतली होती याचा निवाडा इथे करायचा नाही. मला त्यातून निघणाऱ्या एका जुन्या प्रश्नाशी काम आहे: दुसऱ्याची ठेव आपल्याकडून चोरीला गेली, तर पाप फक्त चोराचे का?

आपल्या स्मृतिकारांनी हा प्रश्न ‘निक्षेप’ या प्रकरणात हाताळला आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने नेलेली ठेव भरून देण्याची सक्ती ठेव राखणाऱ्यावर नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. मनूचे मतही जवळपास तेच. इथेच थांबले तर आजच्या प्रत्येक कंपनीला पळवाट मिळते, ‘आम्हीच बळी आहोत’ म्हणून हात झटकायला. पण बृहस्पतीने त्या सवलतीला कुंपण घातले. राखणाऱ्याच्या उपेक्षेमुळे ठेव गेली, किंवा स्वतःचा माल एका रीतीने आणि ठेव दुसऱ्या रीतीने राखल्यामुळे गेली, तर ती व्याजासह भरून द्यावी. हा दुसरा निकष फार मार्मिक आहे. स्वतःच्या बँक खात्याचा पासवर्ड जिवापाड जपणारा पेढीवाला शेकडो शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, आधारच्या प्रती आणि मोबाइल नंबर काउंटरवरच्या सगळ्यांना उघड्या असलेल्या संगणकात ठेवतो, तेव्हा तो नेमका हाच भेद करत असतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या बाजार समितीत कांदा विकणारा शेतकरी पट्टीचे पैसे खात्यावर घेतो, तेव्हा मालाबरोबर स्वतःची माहितीही व्यापाऱ्याच्या हवाली करतो. तीही ठेवच. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड सांगितला आहे. बृहस्पतीला तो परका वाटला नसता. याच चांदवडच्या डोंगरात जैन लेणी आहेत, आणि जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना जीव घेण्याच्या कृतीला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट जोडली आहे. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली किडा मेला तर गोष्ट वेगळी, न बघता चालणाऱ्याची वेगळी.

पण जपायचे म्हणजे कशाला जपायचे? इथे धोक्याची वाटचाल पाहावी लागते, कारण तो आपल्या प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, पायऱ्या चढत आला आहे. आधी खोटे झाले ते शब्दप्रमाण. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पत्त्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून ‘आमचे खाते बदलले आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यावर पाठवा’ असा मेल येतो. मग आप्त मानलेला पुरवठादारच वाहक ठरला. जून २०१७ मध्ये युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला, मर्स्कसारखी जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्या समूहाने चालवलेले न्हावाशेवाचे टर्मिनलही. नाशिकचा कांदा परदेशी जातो तो त्याच बंदरातून. आणि आता पाळी प्रत्यक्षाची. २०२४ मध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला आधी मेलचा संशय आला होता. व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी दिसले, बोलले, आणि संशय फिटला. ते सगळे चेहरे बनावट होते. गेले २० कोटी हाँगकाँग डॉलर. ज्ञान खोटे ठरेपर्यंत खरेच मानावे, हे मीमांसकांचे मत रोजच्या जगण्याला पुरते. पैसे पाठवण्याच्या क्षणी मात्र नैयायिकांकडे जावे लागते: ज्ञानाचा खरेपणा त्याच ज्ञानातून ठरत नाही, दुसरीकडून पडताळावा लागतो.

यावर रास्त आक्षेप असा की व्यापार शब्दावर चालतो, आणि गीतेने तर संशयी माणसाचा नाशच सांगितला आहे. मात्र गीतेतला संशयी म्हणजे ज्याला कशावरच ठरता येत नाही तो. न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत संशयाला जागा दिली ती विचार तिथून सुरू होतो म्हणून. होळकरांच्या काळात चांदवडला टाकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चालत असे. तरी सराफ तो हातात आल्यावर वाजवून, पारखून घेई, आणि त्यामुळे देणाऱ्याचा अपमान होत नसे, कारण पारख सर्वांच्याच नाण्याची होई. पडताळणी फक्त अनोळखी माणसाची केली तर ती अविश्वास ठरते. मालकाच्या सख्ख्या भावाच्या निरोपाचीही केली तर ती पेढीची रीत ठरते. हल्ली ‘झिरो ट्रस्ट’ नावाने मोठमोठ्या कंपन्यांना जे विकले जाते त्याचा गाभा एवढाच आहे, बाकी बरीच जाहिरात.

लहान दुकानदाराला हे परवडेल कसे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण मुख्य उपायांना पैशापेक्षा शिस्त लागते. खाते बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नव्हे. ठरावीक रकमेपुढे दोघांच्या मंजुरीशिवाय पैसे सोडायचे नाहीत. हिशेबाची एक प्रत संगणकापासून तोडलेल्या डिस्कवर ठेवायची आणि ती उघडते का हे मधूनमधून बघायचे. खंडणी मागणारा सगळे कुलूपबंद करतो तेव्हा तेवढीच वाचते. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल पेढीच्या फोनवर उघडायची नाही. यातली अवघड गोष्ट वेगळीच आहे. साहेबाच्या नावाने तातडीचा निरोप आल्यावर ‘खरंच तुम्हीच का?’ असे विचारणाऱ्या कारकुनावर जिथे साहेब डाफरतात, तिथे कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडणार नाही. चोराचा सारा डाव त्या भीतीवर उभा असतो.

एवढे करूनही चोरी होऊ शकते, आणि तेव्हा याज्ञवल्क्याची सवलत खरोखर लागू होते. पण चोरी दडवणाऱ्याला ती कशी मागता येईल? अब्रूच्या भीतीने गप्प बसणारी पेढी ठेवीदाराची सावध होण्याची वेळ हिरावून घेते. चोराने न केलेले हे नुकसान तिच्या खात्यावर पडते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावे, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची निदान संधी मिळते. ज्यांचे खाते क्रमांक गेले त्या शेतकऱ्यांना त्याच दिवशी फोन करणे मात्र पेढीनेच करायचे काम आहे.