साक्षी आणि पुरावा

साखरपुडा पार पडला की घरात लग्नाच्या याद्या होऊ लागतात. मुलगी नाशिकची आणि मुलगा न्यू जर्सीत वाढलेला अमेरिकेचा नागरिक असेल, तर कार्यालय, भटजी, आहेर, मानपान यांच्या यादीशेजारी आणखी एक यादी तयार होते: विमानाची तिकिटे, परस्परांना लिहिलेली पत्रे, एकत्र काढलेली छायाचित्रे, मुलाच्या प्राप्तिकराची विवरणपत्रे. पहिली यादी सोहळ्यासाठी असते, दुसरी परक्या शासनाची खात्री पटविण्यासाठी. दोन्ही एकाच कपाटात राहतात, आणि आठवण म्हणून काढलेले छायाचित्र पुरावा केव्हा होते हे कळत नाही. जे नाते अजून घडावयाचे आहे ते आधीच सिद्ध करून दाखविणे म्हणजे काय, हा प्रश्न येथे उभा राहतो.

विवाहाला साक्ष हवी, ही कल्पना शासनाची नव्हे. अंतरपाट दूर होताना अक्षता टाकणारा प्रत्येक पाहुणा साक्षी असतो. अग्नीही साक्षी असतो. परंतु साक्षी आणि पुरावा या दोहोंत मूलभूत भेद आहे. पुरावा मागे पाहतो. जे घडले तेवढ्यापुरताच तो बोलतो. साक्षी पुढेही पाहतो. उद्या या दोघांत बिनसले, तर चार शब्द सांगण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्याच्याकडे आलेले असते. शासनाला असा साक्षी होता येत नाही. म्हणून ते पुरावा मागते.

ही मागणी अन्याय्यच असते असे नाही. कागदापुरती लग्ने होतात, हेही सत्य आहे. अन्याय होतो तो संशयाला मर्यादा न राहिल्यास. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या स्थलांतर-नियमांनुसार, विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नाही, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागे. भारतीय उपखंडातील कुटुंबांना या नियमाची झळ विशेष लागली. जूनमध्ये, १९९७ साली, तो रद्द झाला. एखादा हेतू मनात नाही, हे कोणी कसे सिद्ध करावे? शिवाय घरच्यांनी ठरविलेल्या विवाहात स्नेह लग्नानंतर वाढावा अशी अपेक्षा असते. अधिकारी मात्र तो लग्नाआधी मोजू पाहतो. बी पेरण्याआधीच पीक दाखविण्याचा आग्रह धरावा, तसेच हे.

याउलट, १९७० साली अमेरिकेने नियोजित वधूवरांसाठी जो व्हिसा निर्माण केला, त्यात वेगळी दृष्टी दिसते. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी आणि अमेरिकेत पोहोचल्यावर नव्वद दिवसांत विवाह व्हावा, अशा त्याच्या अटी आहेत. विवाहापूर्वी भेटणे एखाद्या समाजाच्या दृढ रूढीविरुद्ध असेल, तर भेटीच्या अटीतून सूट मागता येते. आपल्याकडे ज्याला वाङ्निश्चय म्हणतात, त्या दिलेल्या शब्दाला या कायद्याने स्थान दिले. विवाह झालेला नाही, परंतु तो करण्याचा निश्चय आहे, एवढेच सत्य येथे सांगावयाचे असते; आणि ते सांगता येते.

सत्याची कसोटी लागते ती घाईच्या वाटेवर. मुहूर्त सहा महिन्यांनी, व्हिसाला विलंब. तेव्हा आधी नोंदणी करून घ्यावी आणि लग्न मागाहून लावावे, असा व्यवहारी सल्ला वडीलधारी मंडळीच देतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. हिंदू विवाह कायदा, १९५५ यानुसार विधी हाच विवाह. त्यात सप्तपदीचा समावेश असेल, तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. झालेल्या विवाहाची नोंद कागद करतो. न झालेला विवाह कागदाने होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ याचा मार्ग वेगळा आहे. तेथे तीस दिवसांच्या नोटिशीनंतर अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर केलेली घोषणा हाच विवाह असतो. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे ती त्यांमधील पळवाट. कारण तेथे खरे नाते खोट्या विधानावर उभे केले जाते. हेतू शुद्ध असल्याने विधान खरे ठरत नाही. ज्यांना आयुष्यभर परस्परांच्या शब्दावर विसंबावयाचे आहे, त्यांनी पहिलाच संयुक्त शब्द असत्य द्यावा, यातील विसंगती सहा महिन्यांच्या विलंबाहून जड आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न अधिकाराचा आहे. ‘स्पॉन्सर’ या शब्दासाठी मराठीत ‘प्रायोजक’ रूढ असला, तरी या संदर्भात ‘जामीनदार’ अधिक अन्वर्थक होय. पुढे स्थायी निवासाच्या टप्प्यावर अमेरिकेत जे हमीपत्र द्यावे लागते, त्यातील आर्थिक दायित्व घटस्फोटानेही संपत नाही. आलेल्या व्यक्तीलाही, विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर प्रथम सशर्त निवास मिळतो. १९८६ च्या कायद्याने तशी तरतूद केली. एक जामीनदार, दुसरी सशर्त: सहजीवनाचा आरंभ असा विषम पायावर होतो. सप्तपदीतील सातवे पाऊल मात्र सख्याचे मानले आहे, आणि सख्यात जामीनदार नसतो.

म्हणून कागदावर ज्याच्या हाती अधिकार येतो, त्याने तो घरात आणू नये, ही त्याची पहिली नैतिक जबाबदारी ठरते. भांडणात उच्चारलेले ‘मी तुला येथे आणले’ हे एक वाक्य सात पावले मागे नेण्यास पुरेसे असते. ते वाक्य कोणत्याही अर्जात नोंदले जात नाही आणि ते न उच्चारण्याचा संयमही कोणत्याही पुराव्यात दिसत नाही. शासन ज्याची खात्री करू पाहते ते नाते प्रत्यक्षात या न नोंदलेल्या संयमावर टिकते. त्याला साक्षी असतात ते दोघेच.