पक्ष्यांना वाट कोण सांगतं?

१८२२ साली जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा भाला आरपार घुसलेला होता. हे हत्यार मध्य आफ्रिकेतलं आहे, असं जाणकारांनी ओळखलं. म्हणजे हा पक्षी आफ्रिकेत जखमी झाला, मानेतला भाला वागवत हजारो किलोमीटर उडाला आणि विणीच्या हंगामासाठी जर्मनीत येऊन पोचला. पेंढा भरलेला तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठात आहे. हिवाळ्यात युरोपातून नाहीसे होणारे पक्षी जातात कुठे, या जुन्या प्रश्नाला मिळालेलं हाताला लागेल असं ते एक पहिलं उत्तर होतं.

त्याआधीची दोन हजार वर्षं तर्कांची होती. क्रौंच दूरदेशी जातात हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होतं, पण भिंगऱ्या बिळांत निजून हिवाळा काढतात असंही त्यानं लिहून ठेवलं. १५५५ मध्ये स्वीडनच्या ओलाउस मॅग्नस या धर्मगुरूनं भिंगऱ्या तळ्याच्या तळाशी झोपतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात त्यांचे गोळे सापडतात असं सांगितलं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या चार्ल्स मॉर्टननं तर पक्षी चंद्रावर जातात असा सिद्धांत मांडला. या माणसांना हसावंसं मला वाटत नाही. भिंगऱ्या शरद ऋतूत खरोखरच तळ्याकाठच्या बोरूच्या बनात थव्यानं उतरतात आणि एका सकाळी दिसेनाशा होतात. पाहणाऱ्यानं जे पाहिलं त्यातून जवळचं उत्तर काढलं. मॉर्टनचं तर मला कौतुकच वाटतं. पक्षी झोपत नाहीत, प्रवास करतात, हे त्यानं मान्य केलं. चुकला तो फक्त मुक्कामाचा पत्ता. आपल्याकडे कालिदासाच्या मेघदूतातले राजहंस मानस सरोवराकडे निघतात. ऋतूचा हिशेब बाजूला ठेवला तर ही दिशा बरोबरच आहे, कारण हिवाळ्यात आपल्या तलावांवर उतरणारे पट्टकादंब अंडी घालतात ते तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी.

१८९९ मध्ये डेन्मार्कच्या व्हीबोर्ग गावातल्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकानं स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या भोरडीचा जवळचा नातलग. ही साधी युक्ती पुढे जगभर पसरली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे बीएनएचएसनं, सालिम अलींच्या पुढाकारानं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. कुठून कुठे, हा प्रश्न कड्यांनी बराचसा सोडवला. पण त्यामागे त्याहून अवघड प्रश्न उभा होता. वाट कळते कशी?

पहिला मोठा धागा सापडला तो गुस्टाफ क्रामरला, १९५० च्या सुमारास. पिंजऱ्यातला पक्षीही स्थलांतराचे दिवस आले की अस्वस्थ होतो आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूला फडफडत राहतो. क्रामरनं स्टार्लिंगच्या गोल पिंजऱ्याभोवती आरसे लावून सूर्यप्रकाशाची दिशा फिरवली, तेव्हा पक्ष्यांची दिशाही तितकीच फिरली. शिवाय सूर्य दिवसभर आकाशात सरकतो, तरी पक्षी दिशा चुकत नव्हते. म्हणजे सूर्याबरोबर वेळही ते मोजत होते.

मग डच संशोधक पर्डेक यांनी १९५० च्या दशकात एक जबरदस्त प्रयोग केला. शरद ऋतूत हेगजवळून जाणारे अकरा हजारांवर स्टार्लिंग त्यांनी पकडले, विमानानं स्वित्झर्लंडला नेले आणि तिथे सोडले. अनुभवी पक्ष्यांनी चूक ओळखली आणि वळून नेहमीच्या मुक्कामाकडे, इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सच्या बाजूला निघाले. त्या वर्षी जन्मलेले पक्षी मात्र ठरलेल्या दिशेलाच उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये जाऊन पोचले. १९५८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि या विषयाचा सारा विचार दोन भागांत उभा राहिला. दिशा आणि अंतर पक्षी जन्मतः घेऊन येतो. आपण या क्षणी नेमके कुठे आहोत हे मात्र त्याला प्रवास करूनच कळतं. माझ्या मते पुढच्या साठ-सत्तर वर्षांतलं सगळं संशोधन या दोन भागांतल्या सीमेवरच चालू आहे.

आपल्याकडचा चातक घ्या. मादी सातभाईच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. पिल्लाला वाढवतात सातभाई, आणि ते जन्मात कधी आपलं रान सोडून लांब जात नाहीत. तरी पावसाळा सरल्यावर आईबापांचं तोंडही न पाहिलेलं हे पिल्लू आफ्रिकेच्या वाटेला लागतं. इथे शिकवणारं कोणीच नाही. वारसा हेच उत्तर.

पण वारशात नेमकं काय येतं? या बाबतीत मला सर्वात मोलाचं वाटतं ते अमेरिकेतल्या स्टीफन एम्लेन यांचं काम. इंडिगो बंटिंग हा चिमणीएवढा निळा पक्षी रात्री प्रवास करतो. एम्लेन यांनी कागदाचं नरसाळं केलं, त्याच्या तळाशी शाईची गादी ठेवली आणि वर जाळी बसवली. आत ठेवलेला पक्षी अस्वस्थ होऊन कागदाच्या उतारावर उड्या मारी आणि दर वेळी शाईच्या पावलांचे ठसे उमटत. सकाळी कागद उलगडला की एका बाजूला गर्द काळे डाग आणि बाकी कागद जवळजवळ कोरा. पक्ष्यानं रात्रभर जी दिशा धरली होती, ती कागदावर उतरलेली असे. ही नरसाळी त्यांनी तारांगणात नेली आणि घुमटावरचं आकाश हवं तसं बदलून पाहिलं.

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी त्यांनी पिल्लं हातानं वाढवली. काही पिल्लांना तारे दाखवलेच नाहीत. काहींना नेहमीचं, ध्रुवताऱ्याभोवती फिरणारं आकाश दाखवलं. आणि उरलेल्या पिल्लांना असं आकाश दाखवलं, जे मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरत होतं. शरद ऋतू आला. ज्यांनी तारे पाहिलेच नव्हते त्यांचे ठसे कागदभर विखुरले. दुसऱ्या गटानं ध्रुवाकडे पाठ करून दक्षिण गाठली. तिसऱ्या गटानं काक्षीकडे पाठ केली. त्यांच्यासाठी काक्षी हाच ध्रुव होता.

म्हणजे पक्षी ताऱ्यांचा नकाशा घेऊन जन्मत नाही. तो एक नियम घेऊन जन्मतो, की रात्रीच्या आकाशात जी जागा फिरत नाही ती शोध आणि तिच्याकडे पाठ कर. हे इतकं शहाणपणाचं का आहे ते पाहा. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ध्रुवाचं स्थान ताऱ्यांमधून सरकत राहतं. आणखी बारा-चौदा हजार वर्षांनी अभिजित तारा उत्तर ध्रुवाच्या आसपास असेल. ताऱ्यांची नेमकी मांडणी रक्तात उतरली असती, तर ती शिळी झाली असती आणि तिच्यावर विसंबलेले पक्षी भलतीकडे गेले असते. शोधण्याची रीत मात्र शिळी होत नाही. बदलत्या जगात वारसा कसा टिकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सूर्य, तारे असं उत्तर जुळत असतानाच फ्रांकफुर्टमध्ये वोल्फगांग विल्टश्को यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की युरोपातला रॉबिन हा पक्षी आकाश अजिबात न दिसता, नुसत्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतो. विद्युत वेटोळ्यांनी क्षेत्र फिरवलं की पक्षीही फिरतो. १९७२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. आपलं होकायंत्र उत्तर-दक्षिण दाखवतं, तर रॉबिन चुंबकीय रेषा जमिनीशी किती कललेल्या आहेत ते जाणतो. म्हणजे ध्रुव कोणत्या बाजूला आणि विषुववृत्त कोणत्या बाजूला, एवढंच त्याला कळतं. हे इंद्रिय बहुधा डोळ्यातच आहे. क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये त्यामागच्या रासायनिक क्रियेची कल्पना मांडली, २००० मध्ये क्रिप्टोक्रोम या प्रथिनाचं नाव पुढे आलं, आणि २०२१ मध्ये रॉबिनच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम-४ चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं हे परीक्षानळीत दिसलं. कोंबडी आणि कबूतर यांच्या तशाच प्रथिनापेक्षा रॉबिनचं प्रथिन जास्त संवेदनशील निघालं.

याच कामातून आपल्याबद्दलही एक गोष्ट उघड झाली. जर्मनीतल्या ओल्डनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात रॉबिनना काही केल्या दिशा सापडेना. शेवटी लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो जमिनीशी जोडला, तेव्हा पक्षी ताळ्यावर आले. विद्युत उपकरणांतून पसरणारा, एएम रेडिओच्या पट्ट्यातला अतिशय क्षीण गोंगाट त्यांचं होकायंत्र बंद पाडत होता. वर्षानुवर्षं ताडून पाहिलेला हा निष्कर्ष २०१४ मध्ये छापला गेला. शहराच्या उजेडाचा त्रास आपल्याला दिसतो तरी. हा त्रास दिसतही नाही.

इथवर प्रश्न वाटेचा होता. गेल्या तीसेक वर्षांत तो वेळेकडे वळला आहे. त्याचा पाया मात्र जुना आहे. कॅनडाच्या विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात अल्बर्टाच्या कडाक्याच्या थंडीत पक्ष्यांना संध्याकाळी दिव्याचा जादा उजेड दिला, आणि भर हिवाळ्यात त्यांच्या शरीरात विणीच्या हंगामाची तयारी सुरू झाली. पक्ष्याचं पंचांग दिवसाच्या लांबीवर चालतं, हे तिथे कळलं. दिवस लहानमोठा होण्याचं वर्षाचं चक्र हजारो वर्षं जवळजवळ बदलत नाही, म्हणून तिच्यावर विसंबणं सुरक्षित होतं. आता हवा तापते आहे. झाडांना पालवी लवकर फुटते, पालवीवरच्या अळ्या लवकर येतात, आणि पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याला हे कळायला काहीच मार्ग नाही. नेदरलँडमधल्या पाइड फ्लायकॅचर या माशीमार पक्ष्याचं हेच झालं. अंडी घालण्याची तारीख त्यानं थोडी अलीकडे आणली, पण निघण्याची वेळ हलेना. २००६ मध्ये क्रिस्तियान बोथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जिथे अळ्यांचा भर सर्वात लवकर येऊन जातो, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले. त्यांची वाट चुकली नव्हती. ते बरोबर जागी पोचले, पण पिल्लांना भरवायचे दिवस निघून गेले होते.

वारसा बदलूच शकत नाही असं मात्र नाही. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पक्षी पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येला, स्पेनकडे जात. त्यातले काही वायव्येला, ब्रिटनमध्ये जाऊ लागले. तिथले हिवाळे सौम्य झाले होते आणि लोक बागेत दाणे ठेवत होते. पीटर बेर्टहोल्ड यांनी असे पक्षी आणून त्यांची वीण केली, आणि ज्यांनी एकदाही प्रवास केला नव्हता त्या पिल्लांनीही तीच नवी दिशा धरली. ही दिशा काही दशकांतच वंशात रुजली होती. पण ब्लॅककॅपच्या पिढ्या झटपट येतात आणि त्यांची संख्या मोठी आहे. ज्यांची संख्या मुळात थोडी, त्यांना ही सवड मिळणार नाही.

दुसरा मार्ग वडीलधाऱ्यांचा. अमेरिकेत नामशेष व्हायला आलेल्या हूपिंग क्रेन या क्रौंचांना २००१ पासून छोट्या विमानामागे उडवत विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाची वाट शिकवली गेली. पुढे त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की नुसती एक वर्षाची पाखरं सरळ वाटेपासून सरासरी ९७ किलोमीटर भरकटतात. सोबत जुना पक्षी असला की हे भरकटणं ६४ किलोमीटरच्या आत येतं. एक म्हातारा क्रौंच गेला तर त्याच्याबरोबर थव्याची वाट जाते.

आपल्या उजनीकडे मी याच नजरेनं पाहतो. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याआधी त्याच्या काठच्या भिगवणला हे पाणीच नव्हतं, म्हणजे कोणत्याही पट्टकादंबाच्या रक्तात ही जागा असणं शक्य नाही. तरी आज हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हिवाळ्यात तिथे उतरतात. हे पक्षी कुटुंबानं प्रवास करतात. कोणत्या तरी थव्यानं वरून हे नवं पाणी पाहिलं, तो उतरला, आणि पुढच्या वर्षी पिल्लांना घेऊन आला, असंच घडलं असणार. जे शिकू शकतात त्यांना नवी जागा सापडते. चातकाच्या एकट्या पिल्लाला ही सोय नाही. त्याच्यासाठी जुनीच जागा जागेवर असावी लागते.

म्हणून मला वाटतं, पक्ष्यांच्या हुशारीवर सगळा भार टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण खाडीला भरती आली की रोहित पक्षी उडून बाजूच्या छोट्या तळ्यांवर विसावतात, आणि ती तळी त्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव सुकत गेला आणि तिथे रोहित मेलेले सापडले. त्याउलट नागालँडच्या पांगती गावाकडे पाहा. २०१२ पर्यंत तिथे अमूर ससाण्यांची प्रचंड प्रमाणावर शिकार होई. गावांनी ठरवलं आणि पुढच्याच हंगामात ती थांबली. हेच ससाणे पुढे भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात. वंशात नवी दिशा रुजायला दशकं लागतात, गावाचा निर्णय व्हायला एक वर्ष पुरलं.

तुमच्या गावच्या तळ्यावर यंदा धोबी पहिल्यांदा कधी दिसला, जोंधळ्यावर भोरड्या कधी उतरल्या, त्याची तारीख लिहून ठेवा आणि दर वर्षी लिहा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात भाग घ्या. आणि तळं बुजवण्याचा विषय ग्रामसभेत किंवा महापालिकेत आला, तर ती वही घेऊन तिथे हजर राहा.