तलवार, मेंढी आणि कोयता

शास्त्रभाग : शमुवेलाचे दुसरे पुस्तक, अध्याय ११ व १२



भाषेचे अलंकार म्हणजे पंडितांचे भांडवल, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. "गाव जागा झाला" असे आपण म्हणतो, तेव्हा भिंती जाग्या झाल्या असे कोणी समजत नाही. गाव म्हणजे गावची माणसे. यास लक्षणा म्हणतात. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे बोलणे, ती चेतनगुणोक्ती. गहन गोष्ट ओळखीच्या कथेने पटविणे, तो दृष्टांत. ज्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे व जेथे दासोपंतांनी कापडाच्या लांब पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या आपल्या बीड जिल्ह्यात कीर्तन ऐकत वाढलेल्या निरक्षर माणसासही दृष्टांत समजतो. तेव्हा अलंकार वापरावा की नाही, हा प्रश्नच नव्हे. तो ऐकणाराचे डोळे उघडतो की झाकतो, एवढेच पाहावयाचे.

या शास्त्रभागात दोन्ही प्रकार आहेत. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी उभे करवून मारविले. ती बातमी आली तेव्हा त्याने सेनापती यवाबाचे समाधान करण्यास निरोप पाठविला. त्याचा भाव असा की, मनास लावून घेऊ नये, तलवारीचे भक्ष्य आज एक होतो तर उद्या दुसरा. शब्दांची ही करामत पाहा! मारविणारा राजा आणि खाणारी मात्र तलवार! त्या वाक्यात उरीयाचे नाव नाही आणि खुन्याचेही नाही. चेतनगुणोक्तीने येथे पापावर पांघरूण घातले.

मग नाथान संदेष्टा आला. त्याने राजास एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे कळपच्या कळप होते. शेजारच्या गरिबाकडे एकच मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खाई व त्याच्या कुशीत निजे. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपले जनावर राखून गरिबाची मेंढी कापली. राजा संतापला व त्याने त्या श्रीमंतास मरणास योग्य ठरविले. तेव्हा नाथानाने स्पष्ट सांगितले की, तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच होय. मेंढीचा दृष्टांत त्याने मेंढपाळ म्हणून वाढलेल्या माणसापुढे ठेवला. आणि गोष्ट सांगून तो गप्प राहिला नाही. त्याने स्वतःच पडदा दूर केला व उरीयाचे नाव घेतले. हे दुसरे काम त्याने केले नसते, तर ती केवळ करमणूक ठरती.

आता आपल्या घराकडे पाहू. दसरा सरला की आपल्या जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडीस निघतात आणि पुष्कळ मंडळ्यांची उपासनाघरे उन्हाळ्यापर्यंत ओस पडतात. मुकादम हिशेब मांडतो तो कोयत्यांचा. एक कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी; एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हीही लक्षणाच, पण हिने दोन जीव एका हत्यारात मावले. कोयत्याला ताप येत नाही, त्याचे दिवस भरत नाहीत, त्याला दुखत नाही. म्हणून बाई एक दिवस आजारी पडली की खाडा धरून पैसे कापणे सोपे जाते. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तिचे नाव कागदावर शोधून सापडत नाही.

दुसरा शब्द याहून कठीण आहे. "पिशवी काढली," असे आपल्या बाया सहज बोलतात. पिशवी म्हणजे भाजीची असते, रिकामी झाली की टाकावी अशी. परंतु काढले जाते ते गर्भाशय. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येकीस पुरते समजावून शस्त्रक्रिया झाली असती तर गोष्ट निराळी. पण जेथे शब्दच इतका हलका, तेथे भीती घालून होकार घेणे जड जात नाही.

सुवार्तिक बंधूंनो, लोक हे शब्द बोलतात म्हणून त्यांस दोष देऊ नका. ते त्यांनी घडविलेले नाहीत. पण मंडळीतील कोणी उचलीचा कागद तुमच्याकडे वाचावयास आणील, तेव्हा "एक कोयता" असे वाचून थांबू नका. दोघांची नावे मोठ्याने घ्या, उचल किती व खाडा किती ते सांगा, आणि बाईला तिच्या तोंडाने होय किंवा नाही म्हणू द्या. दवाखान्यात जाणाऱ्या भगिनीस सांगा की पिशवी म्हणजे काय व ती काढल्यावर शरीरास काय सोसावे लागते, हे डॉक्टरांस विचारल्याविना तिने अंगठा देऊ नये.

उपदेशासही हीच कसोटी लावा. दृष्टांत जरूर द्या. पण तो ऐकून कोणाचे नाव पुसले जाते आणि कोणाचे उघड होते, हे आधी पाहा. देवाने आपणांस नावाने हाक मारली आहे. आपणही एकमेकांस नावानेच मोजावे.