जुने वाहन आणि दानाचा अदब



घरात नवे वाहन आले की जुन्याचा प्रश्न उभा राहतो. विकायला काढले तर मनासारखी किंमत येत नाही आणि ठेवायला अंगणात जागा नसते. मग कुणीतरी सुचवते, ‘मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांना देऊन टाका, सवाब मिळेल.’ सल्ला चांगला आहे. परंतु ‘देऊन टाकणे’ आणि ‘देणे’ या दोन क्रियांत मोठे अंतर आहे. टाकतो ती अडगळ. देतो तो सदका.

वाहन नसणे म्हणजे काय, हे सूरह तौबाच्या 92व्या आयतीत पाहावे. हिजरी सन 9 मधील तबूकच्या मोहिमेसाठी काही गरीब सहाबा प्रेषितांकडे (सल्ल.) वाहन मागण्यास आले. देण्यास वाहन उरले नव्हते. ते परतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्या अश्रूंची नोंद अल्लाहने आपल्या ग्रंथात कायमची केली. एका प्रवासात प्रेषितांनी (सल्ल.) ज्याच्याकडे जादा वाहन असेल त्याने ते वाहन नसलेल्यास द्यावे, अशी आज्ञा केल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये नमूद आहे. आजही पहाटेच्या अंधारात पायी येणारा मुअज्जिन, डायलिसिससाठी आठवड्यातून अनेकदा शहर गाठणारा रुग्ण, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी विधवा यांच्यासाठी तुमची जुनी स्कूटर म्हणजे उपजीविका आहे.

म्हणून पहिला अदब वस्तूचा. सूरह बकराच्या 267व्या आयतीत अल्लाहने बजावले आहे की, जी निकृष्ट वस्तू तुम्ही स्वतः डोळेझाक केल्याशिवाय स्वीकारणार नाही, ती त्याच्या मार्गात देण्याचा विचारही करू नका. तेव्हा स्वतःला विचारा, या गाडीवर मी माझ्या मुलीला बसवून घाटातून पाठवीन काय? मन कचरत असेल तर आधी ब्रेक आणि टायर नीट करून घ्या. जो दोष दुरुस्त होत नाही तो स्पष्ट सांगा. दोष लपवून दिलेले वाहन गरिबाची उरलीसुरली कमाई गॅरेजात घालवते, प्रसंगी त्याचा जीवही धोक्यात आणते. गाडी चालवण्याजोगी नसेलच, तर ती मोडीत विकून आलेली रक्कम द्यावी. तोही सदकाच आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा अदब कागदपत्रांचा. ‘आपल्यातलाच माणूस आहे, चालवू दे’ असे म्हणून नुसती किल्ली हाती देणे हे औदार्य नव्हे. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 50नुसार राज्यांतर्गत हस्तांतरणाची माहिती मूळ मालकाने 14 दिवसांच्या आत द्यावयाची असते. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नमुना 29 व 30 भरून नाव बदला, कर्ज असल्यास आधी फेडून बोजा उतरवा. विमा संपला असेल तर एका वर्षाचा हप्ता आपणच भरा. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. कागदाची हेळसांड धर्माला मान्य नाही.

येथे एक प्रश्न हमखास येतो, ही गाडी जकातीत धरावी काय? हनफी मतानुसार पात्र गरीब व्यक्तीला पूर्ण मालक करून दिल्यास तिच्या बाजारभावाइतकी जकात अदा होते, मात्र देतेवेळी जकातीची नियत हवी. मशिदीला किंवा संस्थेच्या वापरासाठी दिलेली गाडी जकात ठरत नाही, तो नफ्ल सदका होय. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्या मतानुसार वस्तुरूप जकातीचा नियम वेगळा आहे, म्हणून त्यांनी आपल्या आलिमांना विचारून पाऊल उचलावे.

तिसरा अदब सर्वांत अवघड आहे, कारण तो दिल्यानंतर सुरू होतो. हजरत उमर (रजि.) यांनी एक घोडा अल्लाहच्या मार्गात दिला. घेणाऱ्याने त्याची आबाळ केली. आता तो स्वस्तात विकेल असे वाटून हजरत उमर यांनी तो परत विकत घेण्याचा विचार केला व प्रेषितांना (सल्ल.) विचारले. एका दिरहमला मिळाला तरी घेऊ नका, असे प्रेषितांनी सांगितले आणि सदका परत घेणाऱ्याला ओकलेले पुन्हा चाटणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली. भाष्यकार म्हणतात, दात्यासमोर घेणारा संकोचाने भाव उतरवतो आणि तेवढा सदका दात्याकडे परत येतो.

विचार करा, जेथे पूर्ण किंमत मोजूनही परत घेण्यास मनाई आहे, तेथे फुकटच्या चाकरीचे काय? मुअज्जिनसाहेबांना स्कूटर दिली आणि दुसऱ्या आठवड्यापासून ‘जरा मुलांना शाळेतून आणा’, ‘जाता जाता सिलिंडर घेऊन या’ सुरू झाले, तर आपण सदका हप्त्याहप्त्याने परत घेत आहोत. त्यांनी ती विकली, रंग बदलला, भावाला दिली, तरी चौकशीचा अधिकार आपल्याला उरत नाही. उपकार बोलून दाखवणे आणि मन दुखावणे यांनी दान निष्फळ होते, असे सूरह बकराची 264वी आयत बजावते. ते वाहन रस्त्यात दिसले तर सलाम करा आणि पुढे चला.

अल्लाह आपणांस उपयोगी वस्तू देण्याची, आणि दिल्यावर विसरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.