मीठ कोणाचे, सल्ला कोणासाठी

सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला व्हिवोसिटीच्या शेजारी लाल विटांची एक जुनी वास्तू आहे, सेंट जेम्स पॉवर स्टेशन. १९२७ साली उभे राहिलेले, कोळशावर चालणारे सिंगापूरचे पहिले वीजकेंद्र. आता तिथे डायसन कंपनीचे मुख्यालय आहे. या परिसरात ऊर्जा आणि पर्यावरण धोरणाचा सल्लागार म्हणून कोणी नव्याने रुजू झाला, तर आधी त्याच्यापुढे आकडे येतील. सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर होते. कार्बन कर २०१९ मध्ये टनाला ५ सिंगापूर डॉलर होता, २०२४ मध्ये २५ झाला, २०२६ साठी ४५ ठरला. हे महिनाभरात अंगवळणी पडते. पैसे मोजणार एक आणि धूर सोसणार दुसराच, तर आपण कोणाचे, हा प्रश्न मात्र नोकरीभर पाठ सोडत नाही.

हा प्रश्न महाभारतातही आहे. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला रात्री झोप लागत नाही, म्हणून तो विदुराला बोलावतो. विदुर हस्तिनापूरचे मीठ खाणारा, तरी बाजू मांडतो ती तिथे नसलेल्या पांडवांची. राजाला सगळे पटते. पण दुर्योधन भेटला की मन फिरते, हे तो स्वतःच कबूल करतो. याआधी स्पष्ट बोलण्यापायी त्याने विदुराला चालते व्हायलाही सांगितले होते. विदुराने आपले बोलणे बदलले नाही. मिठाला जागणे ते हेच.

मराठेशाहीतले रामचंद्रपंत अमात्यही गादीचेच सेवक. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात सांगताना ते आंब्या-फणसापाशी थांबतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू देऊ नये. जहाजांच्या गरजेत त्यांना परसातल्या फणसाचा धनी दिसला.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना २०१० मध्ये केंद्र सरकारने पश्चिम घाट समितीवर नेमले. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल मंत्रालयातच राहिला. माहिती अधिकाराचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा २०१२ मध्ये तो लोकांना वाचता आला. नेमणूक सरकारची होती, पण गाडगीळांचा आग्रह असा की अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा त्याच अहवालाची पाने पुन्हा उघडली गेली.